मौनीचा डबा

"…पण किती वॅटचा घेऊ, ते तरी सांगा."

महिपतीबुवा धुनीतली राख चिमट्याने सारखी करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कशाचा?"

"डमी लोडचा, बुवा. मघापासून तेच विचारतोय."

"व्हय की," बुवा म्हणाले आणि पुन्हा राखेकडे वळले.

सौमित्र निकम गोंधळला. आल्यापासून तो गोंधळतच होता. साताऱ्याहून अंधारात जीप काढून, भिवाईच्या टेकाडाची सगळी वळणं घेऊन तो उजाडायच्या आत इथे पोचला, ते एका प्रश्नाचं उत्तर घ्यायला. आणि बुवा राख सारखी करत बसले होते.

भिवाईचा मठ म्हणजे दोन खोल्या, एक धुनी आणि मागे उभा केलेला लोखंडी खांब. खांबावरून अँटेनाच्या तारा दोन्हीकडे उतरलेल्या. खालच्या गावाला हा वायरलेसचा मठ म्हणूनच ठाऊक. बुवा उमेदीच्या काळात लष्करात सिग्नलच्या पलटणीत होते. सुभेदार होऊन परत आले, गुरूंच्या मागे मठ सांभाळू लागले, गळ्यात माळ आली, अंगावर छाटी आली; पण कानावरचा हेडफोन काही उतरला नाही.

रोज सकाळी सातला हौशी रेडिओवाले, ज्यांना सगळे हॅम म्हणतात, ते एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर जमत आणि बुवा त्यांची हजेरी घेत. कुणाचा खोकला बरा झाला, कुणाकडे लाईट नाही, कुणाच्या अँटेनावर माकडं बसली, असल्या गोष्टी. ऐकणाऱ्याला वाटावं, रिकामटेकड्यांचा बाजार भरलाय. पण पुरात फोन मुके झाले की हीच रिकामटेकडी माणसं गावोगावचे निरोप पोचवत. म्हणून त्या हजेरीला मान होता, आणि हजेरी घेणाऱ्या खुर्चीला त्याहून जास्त.

आता बुवांच्या कानांनी दगा दिला होता. खुर्ची कुणाला तरी द्यायची होती.

ती आपल्याला मिळावी असं सौमित्रला वाटत होतं. वाटत होतं कसलं, खात्रीच होती. एवढा मोठा आवाज दुसऱ्या कुणाचा होता? जगाच्या कुठल्या कोपऱ्यातला माणूस त्याने गाठला नव्हता? दुकानात इन्व्हर्टर कमी आणि स्पर्धांतल्या ढाली जास्त, असं त्याची बायकोच म्हणे.

बुवांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "आधी डमी लोड निवड. मग ये. मग बघू."

डमी लोड म्हणजे खोटी अँटेना. रेडिओ त्याला जोडला की बोललेलं आभाळात जात नाही, आतल्या आत जिरतं, त्याची नुसती ऊब होते. सेट जुळवताना, तपासताना जी शीळ निघते तिचा दुसऱ्यांच्या कानाला त्रास होऊ नये म्हणून शहाणी माणसं तो वापरतात. सौमित्रकडे तो नव्हता. त्याला कधी गरजच वाटली नव्हती.

त्याने मोबाइल पुढे केला.

"हा बघा. एवढासा आहे, मुठीत मावतो. तीनशे वॅट सोसतो."

बुवांनी डोळे बारीक केले. "किती येळ?"

"म्हणजे… अर्धा मिनिट."

"मग?"

"मग त्याला गार होऊ द्यायचं."

"आन त्यो गार होईस्तवर तू गप बसशील?"

सौमित्र हसला. बुवा हसले नाहीत, तेव्हा त्यानेही हसू आवरलं.

"बरं, मग हा दुसरा. मोठा आहे. आत पंखा फिरतो. हजार वॅटलासुद्धा हूं की चूं करत नाही."

"पंख्याचा आवाज येतो?"

"थोडा. घुर्र घुर्र."

"म्हंजे सोसतो, आन सोसल्याचं सांगत बसतो."

"बुवा, ते यंत्र आहे…"

"म्या कुठं मानूस म्हनलं?"

सौमित्रने मोबाइल खिशात ठेवला. तिसरा एक होता, तो दाखवायचा धीर झाला नाही. आपण बाजारातल्या वस्तूबद्दल बोलतोय की आणखी कशाबद्दल, हेच त्याला कळेनासं झालं.

"मग तुम्हीच सांगा. मठात कोणता आहे?"

बुवांनी चिमट्याने आतल्या खोलीकडे दाखवलं.

"मौनी. ईसारलास व्हय त्याला?"

विसरला नव्हता. मौनी म्हणजे वनस्पती तुपाचा जुना पत्र्याचा डबा. आत ट्रान्सफॉर्मरचं तेल, तेलात बुडालेला, वीज जिरवणारा एक जाडजूड रेझिस्टर, आणि झाकणावर केबल लावायची जागा. बुवांनी पलटणीतून आल्यावर स्वतः केलेला. खालच्या गावातल्या बायका धुनीला पाया पडून गेल्या की या डब्यालाही कुंकू लावून जात. तो कोण, काय, त्यांना माहीत नव्हतं. बुवांनीही कधी सांगितलं नाही आणि कुंकूही पुसलं नाही.

सौमित्र आणि इलाही मुलाणी इथे शिकायला होते, तेव्हा या डब्यावरून त्यांनी बुवांची काय कमी टिंगल केली होती! संध्याकाळी धुनीला दिवा लावला की बुवा आत जात आणि भिंतीवरचा खटका 'आभाळ' या अक्षरांवरून 'मौनी' या अक्षरांवर फिरवत. सकाळी आधी मौनीपुढे बसत, काहीतरी पुटपुटत, मग खटका आभाळाकडे. रेडिओ रातभर उघड्यावर टाकू नये, म्हणत. "बुवा तुपाच्या डब्याला ओव्या ऐकवतात," इलाही म्हणायचा, आणि दोघं तोंडात टॉवेल कोंबून हसायचे.

इलाहीची आठवण आली तसा सौमित्र उठून उभा राहिला.

"मी अँप्लिफायर आणलाय," तो म्हणाला. "मठासाठी. तुमचा सेट शंभर वॅटचा. आता चारशे होतील. हजेरीला भारदस्त आवाज पाहिजे."

हजेरी रोज स्वतः घेणाऱ्या बुवांनी अजाण चेहऱ्याने विचारलं,

"इलाही येतो का रं हजेरीला?"

"…नाही."

"कवापासनं?"

"संक्रांतीपासून."

"कशापायी?"

"त्याचं त्याला ठाऊक," सौमित्र म्हणाला आणि जीपकडे गेला.

इलाहीचं इलाहीला ठाऊक होतं, हे खरं. पण सौमित्रलाही ठाऊक होतं, आणि त्या सकाळी रेडिओ लावून बसलेल्या सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक होतं.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. इलाही म्हसवडला घड्याळं दुरुस्त करी. सेट त्याने स्वतःच्या हाताने बांधलेला, पाच वॅटचा. बारीक आवाज, पण शब्द न् शब्द स्वच्छ. त्या दिवशी त्याने, "मंडळी, मला एक सांगायचंय," अशी सुरुवात केली आणि नेमकी त्याच्यावर एक लांबलचक शीळ आली. शीळ थांबली तेव्हा इलाहीचं सांगून झालं होतं. कुणालाच काही कळलं नव्हतं.

"ही शीळ कुणाची होती?" इलाहीने विचारलं. "सौमित्र, तू सेट जुळवत होतास का? डमी लोडवर जुळव की रे."

झालं. एवढंच तो बोलला. पण सगळ्यांच्या देखत बोलला. सौमित्रने माइक उचलला आणि सुनावलं की शीळ तुझ्याच डबड्याची आहे, ते भंगारात घाल. पाच वॅटवाल्याने चारशेवाल्याला शिकवायला येऊ नये, आधी आपला आवाज चार घरांपलीकडे जातोय का ते बघावं. दोघातिघांनी हसून घेतलं. बाकीचे गप्प बसले.

इलाहीही गप्प बसला. तेव्हापासून गप्पच. लोकांनी फोन केले तर, "काही नाही, चालू द्या तुमचं," म्हणे. सौमित्रचा फोन तर तो उचलतच नव्हता. तो काय सांगणार होता, ते कुणाला कळलं नाही ते नाहीच.

हजेरीची एक रीत होती. न आलेल्या माणसाचं नाव घेऊन बुवा थोडा वेळ थांबत. पुढचं नाव लगेच घेत नसत. माणूस उशिरा उठला असेल, चहा ओतत असेल, त्याला जागा ठेवायची. रोज सकाळी "इलाही मुलाणी, म्हसवड" म्हटलं जाई, आणि मग ती रिकामी जागा सगळे ऐकत बसत. सौमित्रला ती फार लांब वाटे.

अँप्लिफायर जड होता. सौमित्रने तो एकट्याने उचलून आतल्या टेबलावर ठेवला, बुवांच्या जुन्या सेटला जोडला, आणि भिंतीतून आलेली केबल त्याच्या पाठीमागे घट्ट बसवली. खोली थंड होती. बोटं काम करेनात, पण मनातून तो खूश होता. आज बुवांना कळेल, आवाज म्हणजे काय.

बुवा दारात येऊन उभे राहिले.

"सात वाजत्यात. बस खुर्चीवर. हजेरी घे."

सौमित्रला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"मी? …आजच?"

"मग काय मुहूर्त काढू? म्या धुनीपाशी हाय."

"पण डमी लोडचं ठरलं नाही अजून."

"आधी मौनीला इचार," बुवा म्हणाले आणि निघून गेले.

थट्टा, सौमित्रच्या मनात आलं. म्हातारा आपली जुनी टिंगल अजून विसरलेला नाही. त्याने खांदे उडवले आणि खुर्चीत बसला. खुर्चीची वेताची बैठक एका बाजूला खचली होती. बुवा इतकी वर्षं तिरके बसत असणार.

त्याने अँप्लिफायर चालू करून जुळवायला घेतला, आणि मीटरचा काटा बघून चकित झाला. पाठवलेली सगळी ताकद पुढे जात होती, परत फिरणारी तसूभरही नव्हती. इतकी जुळलेली अँटेना त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. घरच्या अँटेनासाठी त्याने गच्चीवर किती उन्हाळे काढले, तरी काटा थोडा तरी कुरकुरायचाच. आणि बुवांच्या या लोंबकळत्या तारा…!

"मानलं, बुवा," तो स्वतःशी म्हणाला.

हेडफोन लावला. आत नुसतं बारीक सर्र. एकही आवाज नाही. बँड मेलाय, त्याने ठरवलं. सकाळी कधीकधी होतं असं, लहरी दूरवर पोचतच नाहीत. बरंच झालं, शांततेत आपला आवाज उठून दिसेल.

घसा खाकरून त्याने बटण दाबलं.

"सुप्रभात, मंडळी. भिवाईच्या मठातून, महिपतीबुवांच्या खुर्चीवरून, सौमित्र निकम सगळ्यांचं स्वागत करतो. आजपासून हजेरी… आज हजेरी मी घेतोय. या, एकेकाने या."

बटण सोडलं.

सर्र.

"तांबेबाई, देवरुख?"

सर्र.

तांबेबाई येत नाहीत असं कधी होत नसे. ताप असला तरी त्या रेडिओवर येऊन तापच सांगत. सौमित्रने काटा बघितला. काटा ठणठणीत होता. त्याने पुन्हा हाक दिली. मग बार्शीला दिली, चिपळूणला दिली, अकोल्याला दिली. एकेक नाव घेऊन तो थांबला आणि एकेक नाव सर्रमध्ये बुडून गेलं.

त्याने आवाज वाढवला. केबल चाचपली. हेडफोन काढून फुंकर मारली, पुन्हा लावला. डोकं चालेना. चारशे वॅट, सुईसारखी जुळलेली अँटेना, डोंगरावरची जागा… आणि एक माणूस ओ देत नाही?

मग हळूहळू त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

बँड मेलेला नव्हता. लोक होते. ऐकत होते. मुद्दाम गप्प होते.

"अच्छा…" तो माइकमध्ये म्हणाला. "असं आहे होय?"

सर्र.

"ठरवून केलंय तर. इलाहीसाठी ना? सगळे त्याच्या बाजूचे. मला खुर्चीवर बसलेला बघवत नाही तुम्हाला. नका बोलू! मी काय तुमच्या दारात आलोय?"

त्याचा आवाज चढला. इतके दिवस साठलेलं सगळं बाहेर आलं. वादळाच्या वेळी रात्रंदिवस जागून निरोप कुणी पोचवले? बार्शीकरांचा सेट फुकट कुणी दुरुस्त करून दिला? तेव्हा सौमित्र गोड लागला, आणि आता एका घड्याळवाल्याच्या रुसव्यापायी सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसले? तो बोलत होता आणि काटा त्याच्या बोलण्याबरोबर उड्या मारत होता. धाप लागली तसा थांबला.

सर्र. कुणी रागावून उलट बोललं असतं, तरी त्याला बरं वाटलं असतं.

"बोला ना कुणीतरी," तो म्हणाला. "शिव्या तरी द्या."

कुणी दिल्या नाहीत.

मग त्याने ती जुनी हकिगत सांगायला घेतली. आपली बाजू म्हणून. इलाहीने सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, खाजगीत सांगितलं असतं तर चाललं असतं, माणसाला काही इज्जत असते. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की आपण तेच तेच सांगतोय. आणि समोरून कुणी "हो" म्हणत नव्हतं, "नाही"ही म्हणत नव्हतं. वाद घालायला माणूस नसला की आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येऊ लागतं. सौमित्रला ते ऐकू आलं आणि अजिबात आवडलं नाही.

बटणावर बोट तसंच होतं. काटा खाली पडून राहिला.

"इलाही," तो म्हणाला. आवाज एकदम लहान झाला होता. "ऐकतोयस ना?"

"ती शीळ माझी होती."

बोलून गेल्यावर सौमित्र स्वतःच दचकला. पण आता थांबता येईना.

"तुझ्या सेटची नव्हती. मला तेव्हाच कळलं होतं रे. मी बटणावरचा हात उचलला आणि शीळ थांबली, तेव्हाच कळलं. पण सगळे ऐकत होते… तू माझं नाव घेतलंस… आणि माझी जीभ सुटली."

त्याने कपाळ पुसलं. एवढ्या थंडीत घाम आला होता.

"तू मला ताटलीवर चमचा वाजवून मोर्सची कट्टकडकट्ट शिकवलीस. तुझी अम्मी ओरडायची, जेवायचं ताट आहे ते, पोचे पाडाल. लायसनच्या परीक्षेत मी पास झालो तेव्हा माझ्या आधी तूच नाचलास. आणि मी तुझ्या सेटला डबडं म्हणालो. त्या सेटसारखा स्वच्छ आवाज माझा कधी नव्हता. चारशेवर नव्हता, कशावर नव्हता. ते मला कायम डाचायचं… ते खरं कारण होतं, बाबा. शीळबिळ सगळं नंतरचं."

मग तो माइकजवळ वाकला.

"तू काय सांगत होतास रे त्या दिवशी? मी जीव गोळा करून ऐकतो आता. सांग ना."

त्याने बटण सोडलं.

सर्र…

सौमित्रने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांत तोंड झाकून घेतलं. लाज वाटत होती, आणि पाठीवरून पोतं उतरल्यासारखं हलकंही वाटत होतं, आणि या दोन्ही गोष्टी एका वेळी कशा वाटतात ते त्याला समजत नव्हतं.

दारात पाऊल वाजलं.

"झाली हजेरी?" बुवांनी विचारलं.

"कुणीच आलं नाही, बुवा. सगळ्यांनी माझ्यावर बहिष्कार घातलाय."

"आसं?"

"मी सगळं सांगून टाकलं. सगळ्यांसमोर. तरी एकही जण बोलला नाही. इलाहीसुद्धा नाही."

बुवा भिंतीतल्या कोनाड्याजवळ जाऊन उभे राहिले. सौमित्रने मान वर केली आणि ते कुठे बघताहेत ते बघितलं.

भिंतीवरचा खटका 'मौनी'वर होता.

रात्री बुवांनी फिरवला होता, रोजच्यासारखा. त्याखालच्या कोनाड्यात, कपाळाला कुंकू लावलेला तुपाचा डबा बसला होता. भिंतीतून आलेली केबल आभाळात जात नव्हती. ती त्या डब्यात जात होती, म्हणूनच काही परत फिरत नव्हतं.

सौमित्र बघतच राहिला. ज्याला रेडिओतलं ओ की ठो कळत नाही असा नवशिका हॅम ही चूक करतो, आणि पहिल्या दिवशी सगळे त्याला हसून घेतात. त्याने स्वतः कितीजणांना हसून घेतलं होतं.

"म्हणजे… मघापासून मी…"

"व्हय."

"त्यातलं बाहेर काहीच गेलं नाही?"

"आज तुजी शीळबी कुनाला ऐकू आली न्हाई."

सौमित्रला हसू फुटलं. मोठ्याने फुटलं. सुटलो! कुणी ऐकलं नाही. ते रडणं नाही, तो त्रागा नाही, शीळ माझी होती म्हणालो तेही नाही. सगळं तेलात जिरलं. हात झटकायचे, खटका फिरवायचा, नव्याने सुरुवात करायची. कुणाला पत्ता लागणार नाही.

हसता हसता तो मध्येच थांबला.

कुणी ऐकलं नाही.

इलाहीनेही नाही.

मघाचं हलकेपण कुठे गेलं ते कळेना. जिवाच्या करारावर एकदा ते ओझं उतरवलं होतं, आणि आता बघतो तर ते जसंच्या तसं मानेवर. वर आणखी एक गोष्ट झाली होती. मघापर्यंत तो स्वतःला सांगू शकत होता की शीळ कुणाची ते नक्की नाही. आता सांगता येईना. स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

"बुवा, हे तुम्ही मुद्दाम केलंत?"

"म्या धुनीपाशी व्हतो."

"पण मला सांगायचं तरी…"

"सांगितलं की. आधी मौनीला इचार म्हनलं."

सौमित्र उठला. खटक्यावर हात ठेवला, क्षणभर तसाच उभा राहिला, आणि फिरवला.

टेबलावर पडलेला हेडफोन एकदम बोलायला लागला. त्याने झडप घालून तो कानाला लावला. केवढी गर्दी! बँड मेला नव्हता, चांगला रसरसून जिवंत होता. हजेरी चालू होती. मठातून आवाज आला नाही म्हणून तांबेबाईंनी परस्पर सुरू केली होती, नेहमीच्या ठसक्यात. बार्शीकर लाईट गेल्याचं सांगत होते. अकोल्याहून कुणी मुलीच्या परीक्षेचं बोलत होतं. सौमित्र निकम कुठे आहे, असं कुणी विचारलं नाही. त्याच्यावर कुणी बहिष्कार घातला नव्हता, त्याची कुणाला इतकी आठवणही नव्हती. हे बहिष्कारापेक्षा जास्त लागलं, पण आज त्याला रागावता येईना.

"बरं, बार्शी, काळजी घ्या," तांबेबाई म्हणाल्या. "पुढे… इलाही मुलाणी, म्हसवड."

आणि त्या थांबल्या. रीतीप्रमाणे.

बार्शीकर थांबले. अकोला थांबलं. तेवढे सगळे रेडिओ लावून बसलेले लोक गप्प झाले आणि ती जागा रिकामी राहिली.

सौमित्रने माइक उचलला. बोट बटणावर गेलं आणि तिथेच अडकलं. मघाशी किती सोपं होतं! शब्द सगळे पाठ होते, आत्ताच बोलून झाले होते. तरी ओठ उघडेनात. आता तांबेबाई ऐकणार होत्या. त्या दिवशी हसलेले ऐकणार होते. आणि ज्या खुर्चीत तो बसला होता, ती हे ऐकल्यावर त्याला कुणी देणार नव्हतं.

"बुवा," तो माइकवर हात ठेवून कुजबुजला, "तो ऐकत असेल का हो?"

बुवांना बहुतेक ऐकू आलं नसावं.

"ऐकत असला तरी… मी पुन्हा कसं बोलू? सगळं बोलून झालंय माझं."

बुवा वाकले. त्यांनी सौमित्रचा मोकळा हात मनगटापाशी धरला, आणि कोनाड्यातल्या डब्यावर नेऊन ठेवला.

मघाच्या सगळ्या बोलण्याने पत्रा चांगलाच तापला होता. सौमित्रने हात मागे घ्यायला बघितला. बुवांनी सोडला नाही.

हेडफोनमध्ये ती जागा अजून रिकामी होती…

"ह्यो गार व्हायच्या आत बोल," बुवा म्हणाले.